नव्या पाण्याची पारख

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेले उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीच्या पात्रावर विस्तीर्ण जलाशय पसरला. अशा अनोळखी पाण्याकाठी राहावयास आलेल्या मच्छीमाराने जाळे कोठे टाकावे बरे?

मुलांनो, त्याने प्रथम पाण्याची पारख करावी. पाणकावळे जेथे वारंवार बुडी मारतात, तेथे लहान मासे असतात. ओढा जेथे जलाशयास मिळतो, तेथे किडे व अन्नकण वाहत येतात. म्हणून मासेही जमतात. उन्हाळ्यात काठचे पाणी तापले, की मोठे मासे जुन्या पात्रातील खोल डोहांकडे वळतात. ते डोह कोठे होते, हे गावातील वडीलधारी माणसेच सांगू शकतात. म्हणून नवख्याने आधी त्यांच्याजवळ बसावे, मग जाळे उचलावे.

पावसाळ्याच्या आरंभी पुष्कळ मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत चढतात. हे चढणीचे मासे उथळ पाण्यात सहज हाती लागतात. परंतु एकेका मादीच्या पोटी हजारो अंडी असतात. त्या दिवसांत ओढ्याचे तोंड मोकळे सोडावे. जागा शोधण्याइतकेच ती राखणेही महत्त्वाचे आहे.