बाटिक : लिहिलेले की छापलेले?

परदेश प्रवासाची आठवण म्हणून तेथील हस्तकलेची एखादी वस्तू सोबत आणावी, असे बहुतेक प्रवाशांना वाटते. परंतु हस्तकला म्हणून विक्रीस मांडलेली प्रत्येक वस्तू हातानेच घडलेली असते असे नाही. इंडोनेशियातील बाटिक हे याचे बोलके उदाहरण होय.

बाटिकमध्ये कापडाच्या ज्या भागावर वितळलेले मेण लावले जाते, तेथे रंग शिरत नाही. रंगकामानंतर मेण काढले की नक्षी प्रकट होते. अनेक रंगांसाठी हीच क्रिया पुनःपुन्हा करावी लागते. जावा बेटावरील योग्यकर्ता, सुराकार्ता आणि पेकालोंगान ही या कलेची प्रमुख केंद्रे. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

बाजारात तीन प्रकार आढळतात. ‘तुलिस’ म्हणजे लिहिलेले. यात बारीक तोटीच्या ‘चांटिंग’ या साधनाने मेणाची रेघ हाताने ओढतात; एका कापडाला कित्येक आठवडे लागू शकतात. ‘चाप’ प्रकारात तांब्याच्या ठशाने मेण उमटवतात. तिसरे केवळ यंत्रावर छापलेले कापड. त्यात मेणाचा वापरच नसतो.

खरेदीपूर्वी कापड उलटून पाहावे. मेणाच्या बाटिकची नक्षी सहसा दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसते, तर छापील कापडाची मागील बाजू बहुधा फिकट असते. तुलिसमधील दोन फुले कधीही तंतोतंत सारखी नसतात. तो दोष नसून हाताची खूण आहे. बाजारात घासाघीस रूढ असली, तरी छापील कापडाच्या दराने तुलिस मागणे म्हणजे कारागिराची मजुरी नाकारणे होय.

पैसे देतानाही सावधगिरी हवी. रुपया आणि रुपिया ही नावे सारखी भासली तरी चलने भिन्न आहेत. एक लाख रुपियांची एकच नोट असते. म्हणून शून्ये नीट मोजावीत. कार्डयंत्राने रुपयांत रक्कम देण्याचा पर्याय दाखविल्यास स्थानिक चलन निवडणे सामान्यतः किफायतशीर ठरते, कारण रुपयांतील रूपांतराचा दर बहुधा चढा असतो. कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सुविधा प्रवासापूर्वीच सुरू करून घ्यावी आणि त्यावरील शुल्काची चौकशी करावी. पावती जपून ठेवावी. परतताना सीमाशुल्क तपासणीत ती उपयोगी पडते.

डोळसपणे केलेल्या अशा खरेदीत ग्राहकाला अस्सल वस्तू मिळते आणि कारागिराला त्याच्या श्रमांचे योग्य मोल.