किल्ला कुणाचा?

परवा नातवाला घेऊन नगरचा भुईकोट किल्ला पाहायला गेलो होतो. खंदक ओलांडता ओलांडता त्याने विचारले, "आजोबा, हा किल्ला नक्की कुणाचा?"

प्रश्न साधाच, पण मला चटकन उत्तर सुचेना.

बांधला निजामशहांनी. चांदबीबीने तो मोगलांविरुद्ध जिद्दीने लढवला. पुढे मोगल आले, पेशवे आले, शिंदे आले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने तो शिंद्यांकडून घेतला. हाच वेलस्ली १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. म्हणजे इंग्रजांच्या लेखी किल्ला त्यांचा!

पण या दगडी भिंतींचे खरे नशीब उजळले ते १९४२ साली. ८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच काँग्रेसच्या नेत्यांना पकडण्यात आले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, कार्यकारिणीतल्या बारा जणांना नगरला आणले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी, महताब, आपले शंकरराव देव... त्यांना कुठे ठेवले आहे, हे सरकारने सुरुवातीला गुप्त ठेवले होते.

गंमत पाहा. हिंदुस्थान हे एक राष्ट्रच नव्हे, ते आम्हीच बांधून ठेवले आहे, असे राज्यकर्ते सांगत. आणि त्यांनीच मराठी, गुजराती, बंगाली, तेलुगू, उडिया, सिंधी, उर्दू बोलणारी माणसे एका आवारात आणून बसवली! त्यांनी तिथे बाग फुलवली, वाद घातले, एकमेकांना शिकवले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात नेहरूंनी इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. तेही राज्यकर्त्यांच्याच भाषेत. मौलानांनी इथेच उर्दूत पत्रे लिहिली, मित्राच्या नावाने. पण ती पाठवायची सोयच नव्हती. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. शेवटची भेटही झाली नाही.

मात्र ही गोष्ट नुसती गोड करून सांगू नये. २८ मार्च १९४५ रोजी नेहरूंना इथून हलवले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत फाळणी झाली. बारा जणांतल्या कृपलानींचा सिंध सीमेपलीकडे गेला. कोठडीत शोधलेला देश आणि नकाशावर हाती आलेला देश एकच नव्हते. आपली ओळख घडली ती या दोन्हींतून. अभिमानातून आणि जखमेतूनही.

आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. अहिल्यादेवींचा जन्म इथल्याच चौंडीचा. जेत्यांची, शहांची, साहेबांची नावे येतात, बदलतात. प्रत्येक पिढी आपण कोण, हे नव्याने ठरवत असते. पण नवे ठरवताना जुने खोडून टाकले, तर उत्तर अर्धेच राहते.

नेत्यांच्या खोल्या पाहून बाहेर आलो. नातवाचा प्रश्न तसाच होता. म्हटले, "बाळा, बांधणाऱ्याचा, लढवणाऱ्यांचा आणि इथे कोंडलेल्यांचाही. आणि आता तुझा."

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "मग आपण सांभाळायला हवा ना?"

मी त्याचा हात घट्ट धरला. खंदकावर संध्याकाळ उतरत होती.