कानात उरलेली लढाई

फर्दापुरात रात्री रस्त्यावरील रहदारी थांबली, म्हणजे रातकिड्यांखेरीज काही ऐकू येत नाही. एक निवृत्त जवान आम्हांला म्हणाला, ‘‘तुमचे रातकिडे दिवस उजाडताच गप्प होतात, माझे वीस वर्षांत झाले नाहीत.’’ डोक्याला मार लागल्यापासून त्याच्या कानात अखंड किर्र चालू आहे. घरच्यांना ते ऐकू येत नाही, म्हणून ते त्याला भास समजतात. या विकाराला कर्णनाद म्हणतात. तो भास नव्हे, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांत गेले. जे कळले ते वाचून आणि विचारून. आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपाचे संदेश त्यांच्यामुळे मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातात. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावर जबर आघात झाला, तर कानाजवळचे हाड तडकू शकते; हाड शाबूत राहिले तरी नळीला हादरा बसतो. कधी मेंदूतील श्रवणाची वाटच दुखावते. मग कानाकडून येणारे संदेश तुटतात आणि मेंदू ते ऐकण्यासाठी जणू अधिक कान टवकारतो. रेडिओवर केंद्र लागत नसता आवाजाचे बटण पिळावे आणि नुसती खरखर मोठी व्हावी, तसा हा प्रकार होय.

सैनिकावर ही संकटे एकत्र येतात. आठ तासांच्या कामात ८५ डेसिबलांपुढे कानाला धोका असतो. रायफलचा बार १५० च्या घरात जातो. सुरुंग फुटला, की दाबाची लाट कानाचा पडदा फाडते आणि तीच मेंदूलाही हादरवते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदार वाहून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पराक्रमाची नोंद अशी पदकावर राहते; पण अशा स्फोटांतून परतलेल्यांच्या कानांत काय उरले, त्याची नोंद कोठे आहे? अमेरिकेत ती ठेवली जाते. तेथे सेवेत जडलेल्या ज्या विकारांसाठी माजी सैनिकांना भरपाई मिळते, त्यांत कर्णनाद पहिला आहे. तो जडलेल्यांची संख्या २० लाखांहून अधिक आहे.

आपल्याकडेही २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व मान्य केले : भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरून चालावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. २०२३ मध्ये नियम बदलले, म्हणून आपल्या निवृत्तीला कोणते नियम लागतात हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

कर्णनाद समूळ घालवणारे औषध नाही. मात्र श्रवणयंत्राने, मंद आवाजाच्या सोबतीने आणि मानसोपचाराने त्याचा जाच पुष्कळ कमी होतो. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चळवळीत आम्ही एक धडा शिकलो : दुखापतीचा कागद झाला नाही, तर ती झालीच नाही असे ठरते. हा नाद दुसऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून ज्याला तो ऐकू येतो, त्याने बोलले पाहिजे, आणि आपण त्यावर विश्वास ठेवला पाहिजे.