इंग्रजी भाषा आणि परदेशची वाट

जून महिन्यांत शाळेंत मुलांचीं नांवें दाखल करून घेत असतां सेमाडोहच्या एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, पोरगं इंग्रजी शिकलं म्हणजे मंग ते आपलं राहीन काय?" प्रश्न साधा होता, परंतु त्यामागें मोठी काळजी होती. सिपना नदीच्या कांठच्या या गांवांतील पुष्कळ मुलें घरीं कोरकू बोलतात, शाळेंत येऊन मराठी शिकतात आणि त्यानंतर इंग्रजी त्यांच्यापुढें उभी राहते. प्रत्येक नव्या भाषेबरोबर मूल घरापासून एक पाऊल दूर जातें असें आईबापांस वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. त्या दिवशीं आम्हीं घाईनें कांहीं तरी उत्तर दिलें, पण तें आमच्याच मनास पटलें नाहीं. तें उत्तर या लेखांत नीट देण्याचा आमचा विचार आहे.

इंग्रजीनें ज्यांना खरोखरच समुद्रापलीकडे नेलें, अशा तीन मराठी व्यक्तींकडे प्रथम पाहूं.

पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. इ. स. १८६५ सालीं त्यांचा जन्म झाला व नवव्या वर्षीं विवाह झाला. पति गोपाळराव यांनीं त्यांस शिकविलें. गोपाळरावांचें एक पत्र अमेरिकेंतील एका ख्रिस्ती मासिकांत छापून आलें. तें न्यू जर्सी प्रांतांत राहणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आलें आणि १८८० पासून त्यांचा व आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. ज्यांना कधीं पाहिलें नाहीं अशा बाईंशीं जडलेला हा स्नेह इंग्रजी पत्रांवर वाढला, आणि अमेरिकेंत पाऊल ठेवतांच आनंदीबाईंस राहावयास घर मिळालें. १८८३ सालीं, अठराव्या वर्षीं, त्या निघाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. दुर्दैवानें प्रकृतीनें त्यांस साथ दिली नाहीं. स्वदेशीं परतल्यावर १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पदवीदानास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाईंस लहानपणापासून संस्कृत येत होतें आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांचा पंडिता म्हणून गौरव केला होता. इंग्रजीचा अभ्यास मात्र त्यांनीं त्यानंतर, विशीं उलटल्यावर केला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या आणि त्याच वेळीं संस्कृत शिकवीतही होत्या. पुढें अमेरिकेंत त्यांनीं गांवोगांव इंग्रजींत व्याख्यानें दिलीं व १८८७ मध्यें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. तिकडे मिळालेल्या साहाय्याच्या बळावर १८८९ सालीं मुंबईस 'शारदा सदन' उघडलें.

तिसरे आपल्याच जिल्ह्याचे डॉक्टर पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यांतील पापळ या खेड्यांत, शेतकऱ्याच्या घरीं, १८९८ सालीं ते जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकून १९२० सालीं ते विलायतेस गेले. तेथें एडिंबरोची एम. ए. व ऑक्सफर्डची डॉक्टर ही पदवी मिळवून आणि बॅरिस्टर होऊन ते अमरावतीस परत आले. पुढें ते घटना समितीचे सभासद झाले आणि १९५२ ते १९६२ पर्यंत भारताचे कृषिमंत्री होते. वऱ्हाडांत खेडोपाडीं ज्या शिक्षण संस्थेच्या शाळा दिसतात, ती श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनींच स्थापिली.

आतां वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. हीं तिघें परदेशीं गेलीं तीं रिकाम्या हातांनीं गेलीं नाहींत. आनंदीबाईंनीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. रमाबाईंनीं इंग्लंडांत शिकविलें तें संस्कृत. पंजाबरावांनीं ऑक्सफर्डांत संशोधन केलें तें वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास यांवर. इंग्रजीनें त्यांच्यासाठीं दार उघडलें, हें खरें. परंतु आंत गेल्यावर तेथील लोकांपुढें ठेवावयाचें जें धन होतें, तें त्यांनीं घरूनच नेलें होतें. नुसतें इंग्रजी बोलणारीं माणसें त्या देशांत घरोघर होतीं. घरची विद्या इंग्रजींत सांगूं शकणारें माणूस विरळा, म्हणून त्याची किंमत.

यावर कोणी म्हणेल कीं, वेद व संस्कृत यांचा मान मोठा. आमच्या मेळघाटच्या मुलांजवळ तसें काय आहे? त्यास आमचें उत्तर असें. ज्या फिलाडेल्फियांत आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्याच शहरांतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठानें १९६० सालीं नॉर्मन झाइड नांवाच्या अमेरिकन विद्वानास डॉक्टरची पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता कोरकू भाषा. कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा आहे. तिच्या संथाळी, मुंडारी इत्यादि बहिणी दूर पूर्वेकडे बोलल्या जातात, आणि म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिचा मोठ्या आस्थेनें अभ्यास करतात. सातासमुद्रापलीकडचा एक गृहस्थ जी भाषा परिश्रमानें शिकून पंडित झाला, ती आमच्या मुलांस आईच्या मांडीवर मिळते!

येथें आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. कित्येक वर्षें आम्हीं वर्गांत कोरकू शब्द उच्चारणाऱ्या मुलास उभें केलें. इंग्रजी लवकर यावें हा आमचा हेतु होता. पण मुलांनीं त्यांतून घेतला तो धडा निराळाच; घरची भाषा लाजिरवाणी आहे, असें तीं समजलीं. मुलगा दुरावतो तो इंग्रजी शिकल्यानें नव्हे, अशा लाजेनें दुरावतो. ती शिक्षा आम्हीं आतां बंद केली आहे.

विद्यार्थ्यांनीं इंग्रजी कसें शिकावें, याविषयीं दोन शब्द. शब्दांच्या याद्या पाठ करून भागत नाहीं. दर आठवड्यास एक पत्र लिहावें. त्यांत घरचीच हकीकत असावी. मोहाचीं फुलें केव्हां व कशीं वेंचतात, पावसाळ्यांत सिपनेला पूर आला म्हणजे काय होतें, आजी कोणती गोष्ट सांगते. मजकूर मनांत असला म्हणजे शब्द शोधावेसे वाटतात, आणि शोधलेला शब्द विसरत नाहीं. चुका होतील, त्या सुधारण्यास आम्ही आहों. तेंच पत्र मराठींतही लिहावें, म्हणजे दोन्ही भाषा बरोबरीनें वाढतील.

पालकांसही विनंति आहे. मूल सुटींत घरीं आलें म्हणजे त्याच्याशीं आपल्या भाषेंत भरपूर बोला. झाडपाल्याचीं नांवें, गाणीं, शेतीच्या खुणा त्याला सांगा. त्याच्या इंग्रजी पुस्तकापुढें तुम्हीं संकोच धरण्याचें कारण नाहीं. त्या पुस्तकांत जें नाहीं, तें तुमच्यापाशीं आहे.

पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेहून परतल्यावर त्या देशाचें वर्णन लिहिलें तें मराठींत. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें भाषांतर केलें तेंही मराठींतच. इतक्या दूर जाऊन आलेली ही विदुषी आपल्या भाषेस विसरली नाहीं. म्हणून त्या पालकांस आमचें आतांचें उत्तर असें आहे: तुमचें मूल इंग्रजी शिकेल, कदाचित् दूर देशींही जाईल, आणि तुम्हीं व आम्हीं मिळून त्याच्या घरच्या भाषेचा मान राखला, तर तें तुमचेंच राहील.