वर्ध्याची वही: हिशेबातून घडलेल्या सेवेचा मागोवा

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार भूकंपाने हादरला. देशभरातून मदतनिधी येऊ लागला. राजेंद्रप्रसाद मदतकार्याचे प्रमुख होते आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज त्यांच्या सोबत होते. पै-पैचा हिशेब चोख राहावा म्हणून ते काम जे. सी. कुमारप्पांकडे सोपवण्यात आलं. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेब तपासनीस. मुंबईत त्यांची स्वतःची पेढी होती आणि दावर कॉमर्स कॉलेजात त्यांनी शिकवलंही होतं. मदतकार्यातल्या स्वयंसेवकाचा दिवसाचा खर्च त्यांनी तीन आण्यांवर बांधून दिला होता. गांधीजी आणि त्यांच्यासोबतची मंडळी पाटण्याला आली, तेव्हा त्यांच्या दूध-फळांचा जास्तीचा खर्च निधीत धरायला कुमारप्पांनी नकार दिला, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. गांधीजींनी तो नकार मानला. लोकांनी दुःखितांसाठी दिलेला पैसा दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही, मग समोर खुद्द महात्मा का असेना, एवढा साधा तो नियम होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे कुमारप्पा वर्ध्याला आले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी आपली बाग आणि घर संघाला दिलं, त्या जागेचं नाव मगनवाडी झालं. वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू संघाचे अध्यक्ष झाले आणि कुमारप्पा संघटक व मंत्री. वकिली सोडून आलेला अध्यक्ष, पेढी सोडून आलेला मंत्री आणि जागा देणारा व्यापारी. वर्ध्याच्या सार्वजनिक जीवनाला जे वळण लागलं ते या तिघांसारख्या माणसांमुळे. वाणिज्य शाखेची मुलं आज महाविद्यालयात वाणिज्य मंडळ चालवतात, सनदी लेखापाल होऊ पाहणारे विद्यार्थी आपल्या संघटनेत भेटतात, समाजसेवा आणि व्यावसायिक नीती हे शब्द त्यांच्या कार्यक्रमपत्रिकांवर असतात. या सगळ्याचा धागा शोधायचा तर मगनवाडीपर्यंत मागे जावं लागतं.

खरं तर त्याच्याही थोडं मागे. १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला कुमारप्पा गांधीजींना भेटले आणि पुढे गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची पाहणी केली. ५४ गावं. प्रत्येक गावात कुटुंबाची जमीन किती, पीक किती, कर्ज किती, सरकारदेणं किती याच्या नोंदी झाल्या. शेतकऱ्याकडे खर्च जाऊन उरतं काय, हा त्या पाहणीचा प्रश्न होता आणि ते काढण्याचं साधन होतं जमाखर्च. हिशेब शिकलेल्या माणसाच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी खेड्याचा ताळेबंद मांडला, याचं हे आपल्याकडचं फार सुरुवातीचं उदाहरण. १९३१ मध्ये काँग्रेसने हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातल्या सार्वजनिक कर्जाचा हिशेब तपासायला समिती नेमली, तिचं निमंत्रकपदही कुमारप्पांकडेच आलं. एका तालुक्यातल्या शेतकऱ्याची थकबाकी आणि साम्राज्याने देशाच्या डोक्यावर लादलेलं कर्ज, दोन्ही त्यांनी एकाच शिस्तीने तपासलं. वर्ध्यात आल्यावर मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालासाठी सहाशेहून अधिक गावं पाहिली गेली.

मगनवाडीतली सेवा कागदावर थांबली नव्हती. १९३५ मध्ये गांधीजी, मीराबेन आणि महादेवभाई शेजारच्या सिंदी गावात सफाईला जात. लोकांनी लगेच साथ दिली असं नाही, तरी काम चालू राहिलं. आज एका दिवसाचं स्वच्छता अभियान करून समाधान मानणाऱ्या प्रत्येक मंडळाने सिंदीची ही हकिकत वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

जमनालालजींविषयी थोडं अधिक लिहायला हवं, कारण व्यापारातली नीती हा विषय त्यांच्याखेरीज वर्ध्यात पुरा होत नाही. १९२० पासून ते काँग्रेसचे खजिनदार. टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटी रुपये १९२१ मध्ये जमले, तेव्हा पक्षाची तिजोरी त्यांच्याकडे होती. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी स्वतःचे एक लाख रुपये दिले आणि रायबहादुरी सरकारला परत केली. व्यापार तर कापसाचा. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारण्याची लबाडी त्या धंद्यात होती आणि जमनालालजींनी आपल्या पेढीत ती बंद पाडली, असं त्यांच्याविषयी सांगतात. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या बाजारात ज्यांनी कापूस विकलाय त्यांना या गोष्टीचं मोल वेगळं समजवावं लागत नाही. वजनकाट्यावरचा खोटेपणा शेवटी शेतकऱ्याच्या पदरात येतो. जमनालालजींचे चिरंजीव रामकृष्ण बजाज यांनी पुढे जे. आर. डी. टाटा आणि इतर उद्योजकांसोबत १९६६ मध्ये न्याय्य व्यापारासाठी संस्था उभी केली, त्यामागे वर्ध्याचे संस्कार होते असंच मी मानतो.

१९४० मध्ये शिक्षा मंडळाने वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केलं. श्रीमन्नारायण अग्रवाल तिथे प्राचार्य होते. १९४४ मध्ये मुंबईच्या उद्योगपतींनी देशाच्या विकासाचा 'बॉम्बे प्लॅन' मांडला, त्याच वर्षी या प्राचार्यांची गांधीवादी योजना प्रसिद्ध झाली. तिला प्रस्तावना गांधीजींची. वाणिज्य महाविद्यालयाच्या प्राचार्याने खेड्याला केंद्रस्थानी ठेवून देशाचं अंदाजपत्रक मांडावं, ही गोष्ट आज कुठल्याही वाणिज्य विभागाला अभिमानाची वाटावी अशी आहे.

नंतरच्या काळात हिशेबातून सेवा करण्याची ही गती मंदावली. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, व्यवसायाला आचारसंहिता मिळाली, विद्यार्थ्यांच्या संघटना आल्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सेवेला तास मिळाले, शिबिरं मिळाली. पण सेवा एका दालनात गेली आणि हिशेब दुसऱ्या. योजनेच्या शिबिरात बीकॉमचा विद्यार्थी बंधारा बांधतो, झाडं लावतो, आणि ते चांगलंच आहे. मात्र ज्या विद्येसाठी तो तीन वर्षं महाविद्यालयात येतो, ती विद्या त्या गावाच्या उपयोगी पडत नाही. वाणिज्य मंडळाचं वर्षही ठरलेलं असतं: जुलै-ऑगस्टात उद्घाटन, मग भित्तिपत्रक, एक औद्योगिक सहल, फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर व्याख्यान. पहिल्या दिवशी भरलेलं सभागृह दिवाळीनंतर रिकामं होतं आणि मुलं उदासीन आहेत असं शिक्षक म्हणतात. मला हे निदान पटत नाही. ज्याच्यावर काही सोपवलेलंच नाही, त्याने कशासाठी थांबावं?

सोपवण्यासारखं काम वर्धा जिल्ह्यात भरपूर आहे. गावोगावी महिलांचे बचत गट आहेत. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि पाचवं सूत्र अद्ययावत हिशेब. पहिली चार सूत्रं बायका हिमतीने पाळतात, पाचव्याला अडतात. रोकडवही, खातेवही, प्रत्येकीचं पासबुक आणि बँकेचं पान यांचा मेळ बसला नाही की कर्जाचा प्रस्ताव लांबतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांची अडचण याहून मोठी. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी नोंदवता येते, पण पुढे दरवर्षी लेखापरीक्षण, वार्षिक सभा, कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रं. उन्हात राबणाऱ्या संचालकाला या कागदांची भीती वाटते आणि उशीर झाला की दंड बसतो.

इथेच नीतीचा खरा धडा मिळतो. समजा, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी गटाची वही लिहायला गेली. मधल्या तीन आठवड्यांत कापूस वेचणीमुळे बैठक झालीच नाही. बँकेची तपासणी जवळ आली आहे. गटाच्या सचिव ताई म्हणतात, "पोरी, तेवढं इतिवृत्त भरून दे, सह्या आम्ही करतो." ताईंच्या मनात फसवणूक नाही, कर्ज अडू नये एवढीच काळजी आहे. मुलीने काय करावं? भरून दिलं तर वही खोटी. नुसतं नाही म्हणून उठली तर गट एकटा पडतो. तिने बैठक झाली नाही असंच लिहावं, कारणही लिहावं, आणि बँकेच्या अधिकाऱ्याला समजावायला ताईंच्या सोबत जावं. हे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शिकता येत नाही. सनदी लेखापालाच्या २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमात लेखापरीक्षणाच्या पेपरच्या नावातच नीतीचा समावेश झाला, ते योग्यच झालं. पण २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीचा हिशेबातला घोटाळा उघड झाला तेव्हा तिथे नियम माहीत नसलेलं कोणीच नव्हतं. खोटी नोंद करताना हात अडखळावा लागतो, आणि ती सवय लहान वहीवरच लागते.

दुसरी जबाबदारी गुप्ततेची. कुणाच्या घरी किती कर्ज आहे, कुणाचा हप्ता थकला, हे वहीतून कळतं. २००६ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं होती, त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात कर्जाची बातमी कॉलेजच्या कट्ट्यावर गेली तर एखाद्या घराचं जगणं अवघड होऊ शकतं. म्हणून विद्यार्थ्याला वही देण्याआधी हे समजावून सांगणं शिक्षकाचं काम आहे. विवरणपत्रावर सही करण्याचा अधिकार त्याला नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. तो मेळ बसवेल, नोंद शिकवेल, बाकीचं पात्र लेखापाल करील.

विद्येतून अशी सेवा बाहेरच्या देशात होते आहे. अमेरिकेत १९१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या 'बीटा अल्फा साय' या लेखाविद्यार्थ्यांच्या संस्थेत सेवेचे तास सदस्यत्वाचाच भाग आहेत आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची करविवरणं विनामूल्य भरून देण्याच्या कामात तिथले विद्यार्थी असतात. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की सेवा आपल्याच विद्येतून करावी. आणि ते मातरची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दहाच वर्षांनी आपल्याकडेही करून दाखवलं होतं.

आता तर सोयही झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात समाजसहभाग आणि क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते छायाचित्रांच्या अहवालावर खर्च होऊ नयेत. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, आठही तालुक्यांत जिथे वाणिज्य शिकवलं जातं, तिथल्या मंडळांना माझी विनंती आहे: या वर्षीच्या उद्घाटनाला पाहुणे बोलवण्याआधी जवळच्या गावातला एक गट गाठा, त्याची वही मागा, आणि ३१ मार्चपर्यंत दर महिन्याला तीच मुलं त्याच गावात पाठवा.