गाडीची रेस उतरत नाही? आधी चोरटी हवा शोधा



ऊस नोंदीच्या आणि लागण पाहणीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना उसाखेरीज इतर अडचणीही आमच्या कानावर येतात. त्यातली एक जुन्या पेट्रोल गाड्यांची. कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, पेट्रोल जीप अशा गाड्या काही सभासदांनी अजून जपून ठेवल्या आहेत. तक्रार साधारण एकच असते. गाडी उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन घोंघावते, रेस खाली येत नाही. मग स्क्रू पिळायचा, आणि त्याने भागले नाही की कार्ब्युरेटरच बदला म्हणायचे. आमचे म्हणणे असे की, खिशात हात घालण्यापूर्वी इंजिन दुसरीकडून कुठून हवा ओढते आहे का, ते पाहावे.

विहिरीवरच्या पंपाचा अनुभव सर्वांना आहे. सक्शन पाइपच्या सांध्याला केसाएवढी भेग पडली तर तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून गळती डोळ्यांना दिसत नाही आणि पंप मात्र पाणी सोडतो. आपल्या कारखान्यातल्या पॅनचेही तसेच. तिथे पाऱ्याच्या २५-२६ इंचांची निर्वात पोकळी ठेवतात, म्हणून पाक साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान उकळतो आणि साखर करपत नाही. एखादा सांधा हवा घेऊ लागला की पोकळी उतरते आणि उष्णतामान चढते.

पेट्रोल इंजिनही असाच एक सक्शन पंप आहे. पाय काढला की कार्ब्युरेटरमधली झडप जवळजवळ मिटते. पिस्टन ओढत राहतात आणि हवा मिळते थोडी, त्यामुळे झडपेच्या पुढच्या नळकांड्यात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, मोठी पोकळी तयार होते. समुद्रसपाटीला ती सुमारे १७ ते २१ इंच भरते. उंचीवर दर हजार फुटांमागे एक इंच कमी धरावी, म्हणजे आपल्या देशावरच्या भागात मीटरने दोन इंच कमी दाखवले तर तो बिघाड नव्हे. विलीस पद्धतीच्या जुन्या जीपचा वायपर याच पोकळीवर चालायचा. घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की ऐन पावसात वायपर मंदावायचा, याचे कारण जुन्या ड्रायव्हरांना विचारून पाहा. झडप उघडली की पोकळी जाते!

आता या पोकळीत एखाद्या फाटक्या नळीतून किंवा सैल पॅकिंगमधून बाहेरची हवा शिरली, तर इंजिनाच्या लेखी झडप थोडी उघडल्यासारखेच झाले. भोक लहान असेल आणि पेट्रोलचे मिश्रण मुळात थोडे दाट असेल, तर रेस वाढते. भोक मोठे असेल तर इंजिन हादरते, फटफटते, बंदही पडते. एकच रोग दोन्ही लक्षणे दाखवतो, म्हणून घोटाळा होतो. मिश्रण पातळ राहिले की इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते. स्क्रू पिळून रेस उतरवता येते, पण भोक तसेच राहते.

इथे आपल्या उसाचाही संबंध येतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. त्यात आपल्यासारख्या कारखान्यांचा वाटा आहे आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण आधीच थोडे पातळ होते, त्यात चोरट्या हवेची भर नको. शिवाय जुन्या गाड्यांचे रबर व पॅकिंग या इंधनासाठी बनवलेले नव्हते. तेव्हा नळ्या बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्याच मागून घ्याव्यात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून भागवू नये.

तपासणी इंजिन गरम झाल्यावर, उघड्यावर करावी. बंद शेडमध्ये धूर जिवावर बेततो. उपरणे, पदर, सैल बाही फॅनपासून दूर ठेवावी. आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात : चोक पूर्ण आत गेला आहे का, ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, स्प्रिंग झडप परत आणते का, इग्निशनचे टायमिंग कोणी पुढे ओढून ठेवलेले नाही ना. हे सगळे ठीक असेल तर पुढे जावे.

एकेक रबरी नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने दाबावी. जी दाबताच रेस उतरते, तिच्यात किंवा तिच्या टोकाला जोडलेल्या भागात दोष आहे. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीची नळी काढून तोंडाने ओढावी व टोकाला जीभ लावावी. जीभ धरून राहिली तर आतला पडदा शाबूत आहे. मग ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा हातभर तुकडा घ्यावा, एक टोक कानाशी धरावे व दुसरे सांध्यांवरून फिरवावे. जिथे हवा शिरते तिथे सापासारखा फुत्कार ऐकू येतो. हे साधन फुकटातले आहे आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी.

सांधा नक्की करायचा असेल तर स्वच्छ पंपाने बारीक पाणी मारावे. भोकावर पाणी पडले की क्षणभर रेस बदलते. तणनाशकाचा पंप वापरू नये, आणि डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू देऊ नये, नाहीतर दुसराच बिघाड मागे लागेल. काही जण पेट्रोल शिंपडून पाहतात. कृपया तसे करू नका, तापलेल्या सायलेन्सरवर भडका उडायला वेळ लागत नाही. पॅनच्या सांध्यावर मेणबत्तीची ज्योत धरून गळती शोधता येते, गाडीपाशी ज्योत नको आणि उदबत्तीही नको.

बहुतेक वेळा दोष कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमध्ये सापडतो. नट फार आवळल्याने बूड वाकते, मग पॅकिंग कितीही बदलले तरी बसत नाही. पोलादी पट्टी आडवी धरून ते पाहावे. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या गाडीत झडपेचा दांडा झिजून खुळखुळतो आणि त्याच्या कडेने हवा जाते. हे ठिकाण हमखास विसरले जाते. तिथे नवीन बुश बसवून मिळते, अख्खा कार्ब्युरेटर टाकायचे कारण नाही.

ट्रॅक्टर व डिझेल जीपवाल्यांनी या पद्धतीने शोधत बसू नये. त्या इंजिनात अशी झडप नसते, रेस वाढण्याची कारणे वेगळी असतात.

ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत मात्र नुसत्या रेसचा प्रश्न राहत नाही. बूस्टर याच पोकळीवर चालतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, कडक झाले की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करावी. पेडल किंचित खाली जायला हवे. गेले नाही, किंवा पेडल दाबताच सूं आवाज येऊन रेस हलली, तर ती गाडी बाजाराला किंवा घाटात नेऊ नये, आधी बूस्टर व त्याची नळी दुरुस्त करून घ्यावी. दोष निघाल्यावर पूर्वी पिळलेला स्क्रू गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर परत बसवावा, नाहीतर दुरुस्त झालेली गाडी सिग्नलला बंद पडू लागेल आणि दोष पुन्हा मेकॅनिकच्या माथी जाईल.