शेवटचे अक्षर

संगणकाची मेमरी वाढविणे हे काम समोर बसून करावयाचे असेल तर सोपे आहे. झाकण काढावे, जुनी पट्टी दुकानदाराला दाखवावी, तशीच दुसरी आणावी. परंतु यंत्र बंगळुरात आणि आपण बेळगावात, मध्ये पाचशे किलोमीटर, तेव्हा पट्टी न पाहताच निवडावी लागते. माझ्या मामांच्या तीन दुकानांचा हिशेब अशाच एका जुन्या सर्व्हरवर चालतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी. पण घरात दुसरे कोणी नसल्याने त्याची देखभाल मजकडे आली.

महिनाअखेरीस याद्या काढताना हे यंत्र फार रेंगाळू लागले. मेमरी म्हणजे मुनिमाचे मेज आणि डिस्क म्हणजे मागचे कपाट असे समजा. मेज अपुरे पडले की मुनीम दर वहीसाठी उठून कपाटाकडे जातो. यालाच स्वॅप म्हणतात. मेज खरोखर अपुरे आहे काय, हे आधी पाहावे. लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा दिली की आकडे येतात. त्यातील 'फ्री' हाच रकाना पाहून घाबरू नये, कारण मोकळी मेमरी लिनक्स फायलींच्या प्रती ठेवण्यास वापरते. 'अव्हेलेबल' हा रकाना खरा. आमच्याकडे तोही आटला होता.

दुसरी आज्ञा 'डीएमआयडीकोड'. पट्ट्यांच्या जागा किती, कोणत्या जागी काय, जात कोणती, वेग किती, हे ती घरबसल्या सांगते. कमाल क्षमतेचा तिचा आकडा मात्र चुकू शकतो. तो यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा. आमचा प्रोसेसर इंटेलचा झिऑन ई3-1200, तिसऱ्या आवृत्तीचा. त्याची मर्यादा 32 जीबी. चार जागांपैकी दोन भरलेल्या, प्रत्येकी 4 जीबी, डीडीआर3, वेग 1600. उरलेल्या दोन जागी 8 जीबीची जोडी बसविली की 24 होणार होते.

याच उत्तरात 'टोटल विड्थ 72, डेटा विड्थ 64' अशी ओळ होती. हे जास्तीचे 8 बिट म्हणजे आपला ताळा. रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या कल्पनेतून ही पद्धत वाढली. आपला ताळा बेरीज चुकली एवढेच सांगतो. हा मात्र एक बिट बिघडला तर तो शोधून दुरुस्त करतो, आणि दोन बिघडले तर तशी वर्दी देतो. हिशेबाच्या यंत्रात अशी मेमरी असावी हे मला फार पटले, आणि 72 चा आकडा जुळला की सारे जुळले असे मी धरून चाललो.

तेथेच फसलो. जुन्या मालात 72 बिटांच्या दोन पट्ट्या दीड हजारांत मिळाल्या, त्या बंगळुरास धाडल्या. जी.एस.टी.चे विवरण 20 तारखेला भरावयाचे. 19 तारखेस सायंकाळी तिथल्या तंत्रज्ञाने त्या बसविल्या. पट्ट्या जागेत नीट बसल्या, पण यंत्र उठेना. पडदा काळा. फोनवर तो एवढेच म्हणाला, "आगल्ला सार." जुन्या पट्ट्यांवर यंत्र परत सुरू होईपर्यंत रात्रीचे दहा वाजले आणि मामा तोवर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

मी घेतलेल्या पट्ट्या 'रजिस्टर्ड' होत्या. त्यांत प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये संकेत सावरणारी एक जादा चिप असते. झिऑन ई3 ला 'अनबफर्ड' लागतात. दोहोंत 72 बिट, दोहोंना 240 टोके, खाचही एकाच ठिकाणी. म्हणून हात अडत नाही. दोन्ही जाती एकत्रही चालत नाहीत. रजिस्टर्ड माल स्वस्त का मिळाला, हेही मग कळले: मोठ्या सर्व्हरांतून निघालेल्या या पट्ट्या साध्या संगणकात कोणालाच उपयोगी पडत नाहीत.

फरक लेबलावर छापलेला असतो. 'पीसी3-12800' मधील 12800 म्हणजे 1600 गुणिले 8 बाइट; त्यापुढचे अक्षर 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'ई' असेल तर ताळ्यासह अनबफर्ड, आणि 'यू' असेल तर ताळ्याविना. डीएमआयडीकोडच्या उत्तरात 'टाइप डिटेल' या ओळीतही 'अनबफर्ड' असे स्पष्ट लिहिले होते. मी तिथपर्यंत वाचलेच नव्हते.

दुसऱ्या खेपेस पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून लेबलाचे छायाचित्र मागविले, आणि पट्ट्या बसविण्यास महिन्याची 25 तारीख निवडली. यंत्र उठले, 24 जीबी दिसले. पहिले दीड हजार कोणत्या खाती टाकावयाचे, असे मामांनी विचारले. मी ते माझ्याच नावे टाकले.